नक्की काय ऐकलंत?

आठ मजल्यांच्या त्या इमारतीत लिफ्टच्या मेकॅनिकला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. सगळे त्याला ‘बहुधा’ म्हणत, आणि तेही पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. “बहुधा आले का?” “अरे, बहुधांना फोन लावा!” बावीस वर्षं तो तिथली एकुलती एक लिफ्ट सांभाळत होता आणि बावीस वर्षांत त्याच्या तोंडून ‘नक्की’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. लिफ्ट कधी सुरू होईल? बहुधा संध्याकाळपर्यंत. आवाज कसला येतोय? बहुधा दाराच्या रोलरचा. पुन्हा बिघडणार नाही ना? यावर तर तो नुसते खांदे उडवायचा आणि विचारणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हे नाव ठेवलं होतं सातव्या मजल्यावरच्या बाईंनी. बाई म्हणजे शाळेत चाळीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या, काटकुळ्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा दुसऱ्या गावात. निवृत्त झाल्या तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नव्हतं. राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मेकॅनिकला जिन्यात गाठलं.

“लिफ्ट कधी सुरू होणार?”

“बहुधा दुपारी.”

“हे वाक्य झालं का? होणार की नाही होणार?”

“बहुधा होईल.”

“म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही. मग तसं सांगा ना सरळ! ‘बहुधा’च्या मागे काय लपताय?”

त्या दिवसापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते. तळमजल्यावर दोरीला बांधलेली तक्रारवही असे. काम झालं की मेकॅनिक तिच्यात लिहायचा, ‘बघितले. सद्या ठिक.’ दुसऱ्या दिवशी ‘सद्या’वर लाल काट आणि वर ‘सध्या’, ‘ठिक’वर काट आणि वर ‘ठीक’. त्याने बावीस वर्षं मुद्दाम ‘सद्या ठिक’च लिहिलं. बाईंनी बावीस वर्षं ते दुरुस्त केलं. कुणी हार मानायला तयार नव्हतं.

माणूस गोड होता असं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. घुम्या होता, तुसडा होता, लहान मुलं लिफ्टची बटणं दाबत बसली की त्यांच्या अंगावर खेकसायचा. पण कामाला वाघ. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो एकदा शिरला की दोन-दोन तास बाहेर येत नसे. त्याचं म्हणणं असं, की आठ मजल्यांची आठ दारं, प्रत्येक दाराला कुलूप, प्रत्येक कुलपात एक छोटासा पत्रा, आणि त्यातला कुठला पत्रा उद्या सकाळी दगा देईल हे तो पत्रा बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. मग मेकॅनिकने कशाच्या जोरावर ‘नक्की’ म्हणायचं? लोक म्हणत, हा हात झटकतोय. त्याला वाटे, या इमारतीत खरं बोलणारा आपण एकटाच, आणि याचा त्याला चांगला माजही होता.

घरीही तेच. लग्नाआधी वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का, तर हा म्हणाला, “बहुधा.” ते बायकोच्या कानावर गेलं. संसाराला तीस वर्षं झाली तरी ती ते विसरली नव्हती. भांडण कशावरूनही सुरू होवो, ते शेवटी त्या शब्दावर येऊन थांबायचं.

तर त्या सोमवारी काय झालं, ते ऐका. मेकॅनिक नेहमीच्या तपासणीला आला आणि त्याला ब्रेकचं लक्षण ठीक दिसेना. दहा वेळा त्याने लिफ्टची रिकामी गाडी वर-खाली फिरवली. नऊ वेळा ती शहाण्यासारखी उभी राहिली, दहाव्या वेळी थांबल्यावर दोन बोटं वर सरकली. ब्रेकच्या आतली पट्टी झिजली होती. अशा वेळी रिकामी किंवा हलकी गाडी खाली पडत नाही, वर जाते. कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला जे लोखंडी वजन असतं ते गाडीपेक्षा जड असतं आणि ब्रेक ढिला पडला की ते तिला वर ओढतं. आत चार धडधाकट माणसं असतील तर कुणाला कळणारही नाही. एकटं, हलकं माणूस असेल तर त्याच्या पायाखालची जमीन हलते.

त्याने सेक्रेटरीला सांगितलं, “पट्टी मागवलीय. दोन दिवसांत येईल बहुधा. तोवर लिफ्ट बंद ठेवलेली बरी.”

इमारतीचा सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचा. लिफ्टमध्ये तो वर्षातून एकदा, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला चढत असेल. पण इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्याला शंभर टक्के खात्री असे, आणि तो तसं बोलूनही दाखवायचा. “शंभर टक्के सांगतो, नळाचा वॉशर गेलाय.” “शंभर टक्के, हा चौथ्या मजल्याचाच कचरा.” निम्म्या वेळा ते खोटं निघायचं, पण त्याला कधी कुणी धारेवर धरलं नाही. ठासून बोलणाऱ्याच्या चुका लोक विसरतात. चाचरत बोलणाऱ्याचं बरोबर निघालं तरी लक्षात ठेवत नाहीत. हे मला भयंकर अन्यायाचं वाटतं, पण आहे खरं तसं.

सेक्रेटरीने सोमवारी लिफ्ट बंद केली. मंगळवारी सकाळपासून आठही मजले त्याच्या दारात येऊन बोंबलायला लागले. अकराच्या सुमाराला त्याने मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक तेव्हा दुसऱ्याच एका इमारतीच्या गच्चीवर, चालू मोटरीशेजारी गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये चेपलेला. सेक्रेटरी काहीतरी बोलला. मेकॅनिक म्हणाला, “चालेल.” आणि फोन बंद झाला.

सेक्रेटरीने लिफ्ट सुरू केली. दुपारी चार वाजता बाई सातव्या मजल्यावरून एकट्याच खाली यायला निघाल्या. तळमजल्यावर गाडी थांबली, दार उघडलं, आणि बाई पिशवी सावरत पाऊल टाकणार एवढ्यात गाडी वीतभर वर सरकली. बाई फरशीवर आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं.

आता सगळी इमारत एका शब्दावर येऊन अडकली. सेक्रेटरी म्हणाला, “मी विचारलं, ‘लिफ्ट सुरू करू का?’ हा म्हणाला, चालेल. म्हणजे लिफ्ट व्यवस्थित चालेल. शंभर टक्के!” मेकॅनिक म्हणाला, “मला वाटतं, ‘आजही बंद ठेवू का?’ असं विचारलं होतं. म्हणून मी म्हटलं, चालेल. म्हणजे हरकत नाही.” शब्द तोच. एकाच्या चालेलवर लिफ्ट धावते, दुसऱ्याच्या चालेलवर ती कुलपात राहते. आणि त्या फोनला साक्षीदार म्हणाल तर एक मोटर.

इमारतीने मात्र निकाल तिथल्या तिथे लावून टाकला. जिन्यात लोक त्याच्याकडे बघून थुंकायचे बाकी राहिले होते. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई तर म्हणाली, “बावीस वर्षं बहुधा बहुधा करून टाइमपास केला, आणि एकदाच ठाम बोलला तर एका म्हातारीला लोळवलं!” त्याने पट्टी बदलायला यावं असं कुणाला वाटेना. दुसऱ्याच माणसाकडून काम करून घेतलं. लिफ्टच्या सरकारी खात्यातून चौकशीचं पत्र आलं. चूक मेकॅनिकची ठरली तर त्याचा परवाना जाणार होता, आणि परवान्याशिवाय त्याला कुठल्याच इमारतीच्या मशीनच्या खोलीत पाय ठेवता आला नसता. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाला दुसरं काहीही येत नव्हतं.

बायकोने कंबर कसली. “अहो, तिथे जाऊन ‘मला वाटतं’ म्हणालात ना, तर घरी येऊ नका. सेक्रेटरी शंभर टक्के म्हणणार. तुम्ही काय म्हणणार?”

“मला वाटतं—”

“पुन्हा!”

“तो म्हणाला, ‘आजही बंद ठेवू का?’”

“स्वच्छ ऐकलं म्हणा.”

“मी स्वच्छ ऐकलं. तो म्हणाला, ‘आजही बंद ठेवू का?’”

“मान खाली नको. पुन्हा.”

चौकशीच्या आधीचे चार दिवस तिने त्याला जेवताना, दाढी करताना, बुटाच्या नाड्या बांधताना हे वाक्य म्हणायला लावलं. पहिल्या दिवशी तो दर वेळी ‘मला वाटतं’वर घसरायचा. दुसऱ्या दिवशी वाक्य सरळ बाहेर पडायला लागलं. चौथ्या दिवशी गंमत अशी झाली की त्याला तो प्रश्न खरोखरच ऐकू यायला लागला. सेक्रेटरीचा तो नाकातला आवाज, ‘आजही’वरचा तो जोर, सगळं. आपल्याला इतकं स्पष्ट आठवत असताना आपण उगीच कच खात होतो, असं त्याला वाटलं. बायकोला त्याने तसं सांगितलंही. ती बघतच राहिली.

चौकशी इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, सकाळी दहाला. टेबल टेनिसच्या टेबलाची जाळी काढून त्यावर निरीक्षकाने कागद मांडले होते. निरीक्षकाला सणसणीत सर्दी झाली होती आणि त्याला हे लवकर आटपायचं होतं. भिंतीला लागून रहिवासी उभे. बाईंना मुलाने चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. खुब्यात सळई, मांडीवर शाल. दीड महिन्यात त्या अर्ध्या झाल्या होत्या. डोळे मात्र तसेच, चूक शोधणारे. मेकॅनिकने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

सेक्रेटरीने आपलं म्हणणं खणखणीत मांडलं. शंभर टक्के तीनदा आलं. मग निरीक्षक नाक पुसत मेकॅनिककडे वळला.

“तुम्ही नक्की काय ऐकलंत?”

हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. एकजण दबक्या आवाजात म्हणाला, “बहुधा काहीतरी!”

मेकॅनिकने मान वर केली. “मी स्वच्छ ऐकलं. हे म्हणाले, ‘आजही बंद ठेवू का?’ म्हणून मी चालेल म्हणालो.”

हसू थांबलं. बावीस वर्षांत असा आवाज त्या माणसाच्या गळ्यातून कुणी ऐकला नव्हता. सगळ्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं आणि सेक्रेटरीचा चेहरा उतरला. त्याच्या खात्रीला आजवर कुणी खात्रीनेच उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे ती किती पोकळ आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

“असं... म्हणजे, सकाळपासून लोक डोकं खात होते ना,” तो म्हणाला. “मी ‘बंद’ हा शब्द वापरला असेलही. पण... आता नेमकं वाक्य कोण लक्षात ठेवतं, साहेब?”

निरीक्षकाने पेन उचललं. “म्हणजे तुम्हाला खात्री नाही.”

“तसं नाही, पण...”

निरीक्षक लिहायला लागला. सेक्रेटरीचा घाम बघून मेकॅनिकला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. बावीस वर्षांचा सूड एका वाक्यात निघाला होता. इतकं सोपं होतं तर आपण आधीच का नाही असं बोललो, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

“बाई, तुमचा जबाब राहिला,” निरीक्षक म्हणाला. “लिफ्ट नादुरुस्त आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“तरी चढलात?”

“मी दुपारी फोन करून सेक्रेटरींना विचारलं,” बाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण वाक्यं अजून पूर्ण होती. “ते म्हणाले, ‘चालेल असं सांगितलंय, शंभर टक्के.’ यांच्या शंभर टक्क्यांवर मी जिना उतरायलाही निघाले नसते. मी विचारलं, ‘सांगितलं कुणी? त्या मेकॅनिकने?’ ते म्हणाले, हो. मी पुन्हा विचारलं, ‘बहुधा चालेल म्हणाला की नुसतं चालेल?’ ते म्हणाले, ‘नुसतं चालेल.’ तेव्हा मी चढले.”

“का?”

बाईंनी खुर्चीतूनच मेकॅनिककडे बोट केलं. “कारण हा माणूस मला एक क्षण आवडलेला नाही. पण बावीस वर्षांत हा कधी खात्री नसताना खात्रीने बोललेला नाही. मला वाटलं, हा चालेल म्हणतोय म्हणजे याने दहा वेळा तपासलं असणार. सबंध इमारतीत मी एवढ्या एकाच माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवते. ठेवत होते.”

मेकॅनिकच्या कानशिलात कुणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं. ही बाई आपली वैरीण, आपल्या प्रत्येक शब्दावर काट मारणारी. आणि ती इतकी वर्षं आपला शब्द न् शब्द तोलून बघत होती! आपल्या ‘बहुधा’चा अर्थ अख्ख्या जगात हिला एकटीला कळला होता आणि ती त्याच्याच भरवशावर गाडीत चढली. त्याने तो नाकातला आवाज, तो ‘आजही’वरचा जोर पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आला तो बायकोचा आवाज. मान खाली नको. पुन्हा.

“साहेब,” तो म्हणाला, “माझं ते खोडा.”

निरीक्षकाने रुमालातून नाक बाहेर काढलं. “काय खोडा?”

“स्वच्छ ऐकलं म्हणालो ते. मी काहीच ऐकलं नव्हतं. मोटर चालू होती. हे काय म्हणाले, बंद की सुरू, एक अक्षर कळलं नाही. हात भरलेले होते, फोन लवकर ठेवायचा होता. आपण कुणालाही कटवायला म्हणतो ना, तसं चालेल म्हणालो. ‘काय म्हणालात?’ एवढं विचारायचं होतं. नाही विचारलं.”

निरीक्षकाने आधीची ओळ खोडली. मग सेक्रेटरीला वाचा फुटली. “बघा! मी सुरुवातीपासून काय सांगत होतो? शंभर टक्के!” आणि मग सगळेच तुटून पडले. खोटारडा म्हणाले, खुनी म्हणाले, याला आत टाका म्हणाले. मघाशी सेक्रेटरीकडे संशयाने बघणारे आता सगळ्यांत पुढे होते. मेकॅनिकनेही ऐकून घेतलं नाही. “ओरडायचं तर मोठ्याने ओरडा,” तो खेकसला. “सोमवारी बंद ठेवा म्हणून सांगितलं तेव्हा मंगळवारी सकाळी सेक्रेटरीच्या दारात कोण बोंबलत होतं? तुम्हीच ना?” त्यावर आणखी गदारोळ झाला.

निरीक्षकाने टेबल वाजवलं. मेकॅनिकचा परवाना मागून घेतला, कागदाला टाचला. “वर्षभर निलंबित. मग अर्ज करा, परीक्षा द्या.”

“परत मिळेल?”

“ते आत्ता मी कसं सांगू?” निरीक्षक म्हणाला आणि शिंकला. सेक्रेटरीला त्याने लेखी ताकीद दिली, पण ती वाचून दाखवली तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

लोक पांगले. मेकॅनिक हत्यारांची पिशवी उचलून दाराकडे निघाला. घरी काय सांगायचं याचा विचार करायलाही त्याला धीर होत नव्हता. बाईंची खुर्ची दारातच होती. मुलगा रॅम्पवरची कुंडी बाजूला सरकवत होता. मेकॅनिक थांबला. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर करून ते बंद केलं.

“माफी-बिफी नको. ती तुमच्याजवळ ठेवा. मला एक सांगा.”

“काय?”

“मी पुन्हा चालेन का?”

“आई, झालं का तुझं परत सुरू!” मुलगा वळून म्हणाला. “डॉक्टर म्हणालेत ना, नक्की चालशील. सगळेच म्हणतायत.”

“तुला नाही विचारलं.”

मेकॅनिकने शालीखालच्या त्या पायाकडे पाहिलं. हाडातलं त्याला काही कळत नव्हतं. बाईंचं वय त्याला माहीत होतं, वजन किती हलकं ते तर फारच चांगलं माहीत होतं. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मला नाही सांगता येणार, बाई.”

“अहो, काय माणूस आहात तुम्ही!” मुलगा उसळला. “तिला धीर द्यायचा की...”

“गप्प बस,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना अजिबात आवडलेलं नव्हतं. “दीड महिना झाला, नक्की नक्की करून सगळ्यांनी माझं डोकं उठवलंय. उद्यापासून उभं राहायला सांगितलंय मला. आणि मला भीती वाटते. पाय टाकीन आणि खालची जमीन हलेल, अशी भीती वाटते.”

मेकॅनिकने पिशवी खाली ठेवली.

“तुमच्यामुळे,” बाई म्हणाल्या.

“हो,” तो म्हणाला.